मिटलेला आरसा

आमच्या घरी मोटार आली ती हौसेने घेतलेली नव्हे. चिरंजीवाने पुण्यात नवी घेतली आणि आपली जुनी मला दिली. "बाबा, आता मोटारसायकलवर शिवारं हिंडू नका," असे त्याचे म्हणणे. पंचायत समितीत विस्तार अधिकारी म्हणून माझी सारी नोकरी आधी सायकलवर आणि मग फटफटीवर गेली. चार चाकांची सवय व्हायला वेळ लागला.

या गाडीत एक सोय मात्र मला फार आवडली. दाराच्या आतले बटण दाबले की दोन्ही बाजूंचे आरसे, कोंबडीने पंख अंगाशी घ्यावेत तसे मिटत. पुन्हा दाबले की उघडत. गल्लीतली मुले ते पाहायला गोळा होत आणि मीही त्यांना दोनदोनदा करून दाखवी. आमची सौ. म्हणे, "पोरांपेक्षा तुम्हालाच जास्त मौज वाटते." ते खोटे नव्हते. आमच्या तरुणपणी मोटारींना कित्येकदा उजव्या बाजूला एकच आरसा असे. डाव्या बाजूचे क्लीनरने डोके बाहेर काढून सांगायचे.

२०२४ सालच्या मार्गशीर्षातली ही गोष्ट. हरभऱ्याचे प्लॉट पाहण्यासाठी निलंग्याहून औराद शहाजानीच्या बाजूला निघालो होतो. उसाचा हंगाम सुरू झालेला. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्त्याने डुलत चालले होते. शेताकडे जाणारी पाणंद अरुंद, दोन्ही अंगांनी बाभळी. तिथे शिरताना मी बटण दाबून आरसे मिटले. काम आटोपून बाहेर आलो, बटण दाबले. उजवा उघडला. डावा जरासा थरथरला आणि तसाच मिटलेला राहिला.

मी बटण दहा वेळा दाबले, वीस वेळा दाबले. मग उतरून हाताने ओढला. तो अर्ध्यावर आला, पण सोडला की ढिल्या दातासारखा हलू लागला. त्यात मागचे काही नीट दिसेना. मनात म्हटले, चालतंय. उजवा तर आहे. आणि तसेच बारा दिवस काढले.

मध्यंतरी एका मोठ्या शहरात काम निघाले, तिथल्या वर्कशॉपमध्ये दाखवले. एका तरुण माणसाने गाडीला हातही न लावता सांगितले, "पूर्ण आरसा बदलावा लागेल, साडेआठ हजार." मी परत आलो. साडेआठ हजारांत अमुक बॅगा खत येते असा हिशेब आमच्यासारख्याच्या डोक्यात आपोआप होतो.

तेराव्या दिवशी त्याच रस्त्याने त्याच पाणंदीकडे डावीकडे वळलो. दिवा दिला होता. मधल्या आरशात पाहिले, मागे उसाची ट्रॉली लांब होती. वळलो आणि डाव्या अंगाला करकचून ब्रेक लागल्याचा आवाज आला. एक मोटारसायकल घसरून कडेच्या मातीत पडली होती. त्यावर नवरा, बायको आणि मध्ये पाच-सहा वर्षांची मुलगी. दुधाची किटली उलटून दूध मातीत जिरत होते.

देवाची कृपा, मुलीला ओरखडाही नव्हता. बाईंचे कोपर चांगलेच खरचटले होते. तो माणूस उठला, आधी लेकीला उचलले आणि मग माझ्या गाडीकडे पाहिले. मला वाटले आता शिव्या घालील. त्याने शिव्या घातल्या नाहीत. मिटलेल्या आरशाकडे बोट करून तो म्हणाला, "साहेब, ह्यो झाकूनच चालवतासा व्हय गाडी?"

मला उत्तर सुचले नाही. चार दिवसांपूर्वीच त्यांच्याच शेजारच्या गावात मी बैठक घेऊन सांगितले होते की, गळका नोझल लावून फवारणी करणे म्हणजे आपल्याच अंगावर विष ओतून घेणे. पंप बांधावरच दुरुस्त करा, मगच शेतात पाऊल टाका. त्या बैठकीला हा गृहस्थ होता की नाही, कोण जाणे. मी तिघांना गाडीत घालून आरोग्य उपकेंद्रात नेले, बाईंची जखम धुऊन पट्टी करून घेतली, दुधाचे पैसे दिले. ते घेताना त्याला संकोच वाटला आणि देताना मला.

तेथून थेट निलंग्यात आमच्या चाचांकडे गेलो. चाचा म्हणजे पंपाच्या जळालेल्या मोटारी भरून देणारे कारागीर. वीसएक वर्षांपूर्वी गाड्यांच्या वायरिंगचेही काम शिकले. वय माझ्याहून थोडे जास्तच. मी घाईघाईने सारी हकीकत सांगू लागलो, तर ते म्हणाले, "साहेब, तुम्ही आत बसून बटण दाबा अन् गप ऱ्हावा. मला ऐकू द्या."

त्यांनी आरशाला कान लावला. आतून 'घुंऽ' असा दबका आवाज आला आणि लगेच थांबला. चाचांनी मान डोलावली. पुढे त्यांनी जे समजावून सांगितले ते मी मुद्दाम इथे लिहितो, कारण अशा गाड्या आता गावोगावी आल्या आहेत.

आरशाच्या बुडाशी मुठीत मावेल एवढी बारा व्होल्टची मोटार असते. ती लहान-लहान दातेरी चाकांतून आरशाचे डोके एका खुंट्याभोवती फिरवते. विजेची दिशा उलटी केली की मिटण्याऐवजी उघडते. टोकाला पोचल्यावर पुढे जायला जागा नसते, मोटार अडते, वीज जास्त ओढू लागते आणि ते ओळखून पुरवठा तोडला जातो. विहिरीतल्या पंपात गाळ अडकला की मोटारीवर ताण येऊन स्टार्टर ट्रिप होतो, तसाच प्रकार.

आता दोष कुठे शोधायचा? चाचा आधी विचारतात, दोन्ही आरसे बंद आहेत की एकच? दोन्ही बंद असतील तर प्रथम फ्यूज आणि बटण पाहायचे. फ्यूज उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा घालायचा. (इथे चाचांनी माझ्याकडे रोखून पाहिले. स्टार्टरच्या कटआऊटमध्ये तांब्याची जाड तार घालून मोटारी जाळणारे शेतकरी हेच त्यांचे निम्मे गिऱ्हाईक.) एकच बंद असेल तर दोष त्या बाजूचा. बटण दाबल्यावर काहीच आवाज नसेल तर वीज पोचत नाही किंवा मोटार गेली. दार आणि गाडीचे अंग यांच्यामध्ये रबराची नळी असते, तिच्यातून वायरी जातात. दार हजारदा उघडून-मिटून त्या आतल्या आत तुटतात. दार थोडे-थोडे हलवत बटण दाबावे. एखाद्या कोनात आरसा हलला तर तुटलेली वायर सापडली म्हणून समजा. मोटारीचा आवाज व्यवस्थित फिरल्याचा येतो पण आरसा जागचा हलत नाही, तर दाते झिजले किंवा सुटले. आणि माझ्यासारखा दबका आवाज येऊन थांबत असेल तर काहीतरी अडकले आहे.

चाचांनी काच अलगद सोडवली, मागचे झाकण काढले आणि खुंट्याच्या खाचेतून स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने काळे, दगडासारखे ढेकूळ काढून माझ्या तळहातावर ठेवले. "ही तुमची माती," म्हणाले.

ती माझीच माती होती. परभणीला बी. एस्सी. करताना या काळ्या मातीवर मी पाने भरून उत्तरे लिहिली आहेत. ओली झाली की फुगते, वाळली की आकसून घट्ट होते आणि भेगा पडतात, हे मी शेतकऱ्यांना आजवर किती वेळा सांगितले असेल! पण ती आरशात शिरली कशी? चाचांनी विचारले आणि मला ओशाळल्यासारखे झाले. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, परतीच्या पावसात चिखलाने माखलेली गाडी मी मळ्यात फवारणीच्या एचटीपी पंपाने धुतली होती. जोरदार धार आरशाच्या फटीत धरून चिखल 'काढला' होता. तो निघाला नव्हता, आत गेला होता.

दुसरी चूकही कबूल करतो. त्याच्याही आधी बाजारात एका ट्रॉलीशेजारून गाडी काढताना घाईत आरसा हातानेच ढकलला होता. आत दातांच्या चकत्या स्प्रिंगने एकमेकींवर दाबून बसवलेल्या असतात. कोणी धडकले तर आरसा तुटण्याऐवजी वाकावा म्हणून ही सोय. पण हाताने फिरवले की त्या दातांची जागा चुकते, आरसा ढिला हलू लागतो. अशा वेळी बटणाने एकदा पूर्ण मिटवून पूर्ण उघडला की बहुतेक गाड्यांत 'टक्क' असा आवाज येऊन दाते जागेवर बसतात. मी मात्र अडकलेल्या आरशावर जोर केला होता आणि वर वीस वेळा बटण दाबले होते. "अजून थोडं दाबलं असतं तर मोटार भरायला आणावी लागली असती," चाचा म्हणाले. "अन् ही भरता येत नाही."

मी म्हटले, थोडे ग्रीस लावा. ते नको म्हणाले. ग्रीसला धूळ चिकटते आणि तीच पुढे दाते खाते. डिझेल किंवा भलतेच तेल प्लास्टिकला सोसत नाही. त्यांनी ब्रशने माती झाडली, हवेने उडवली, साध्या पाण्याने बिनजोराने धुतले, उन्हात वाळवले आणि सिलिकॉनचा फवारा मारला. ते वाळेपर्यंत चहा आला. चहा पिताना मी त्यांना एक जुनी गोष्ट सांगितली. १९११ साली अमेरिकेत इंडियानापोलिसला पाचशे मैलांची पहिली शर्यत झाली. बाकीच्यांच्या गाडीत मागचे पाहून सांगायला शेजारी एक मेकॅनिक बसलेला. रे हॅरून नावाचा एकच गडी एकटा बसला आणि समोर आरसा लावला. इतरांनी तक्रार केली. शर्यत त्यानेच जिंकली. चाचा म्हणाले, "म्हंजे आरसा हा माणसाच्या बदल्यात आलेला हाय." मग मिटलेल्या आरशाकडे पाहून हसले, "अन् तुम्ही त्या माणसालाच झोपवून गाडी हाकत होता."

संध्याकाळी आरसा बसवला. बटण दाबले. डावा मिटला, उघडला, आणि आतून 'टक्क' वाजले. चाचांनी अडीचशे रुपये घेतले. त्यातलेही पन्नास परत करून म्हणाले, "भावाच्या तुरीची झाडं शेंगा भरायच्या आत वाळायलीत. उद्या येऊन बघता का?"

दुसऱ्या दिवशी गेलो. झाड उपटून खोड उभे चिरले, आत तपकिरी काळी रेघ. मर रोगच होता. त्या शेतात चौथ्या वर्षी तुरीवर तूर होती. वाळलेली झाडे उपटून जाळायला, पुढच्या वर्षी तिथे ज्वारी घ्यायला आणि तूर दुसऱ्या रानात बीडीएन-७११ ची, ट्रायकोडर्माची बीजप्रक्रिया करून पेरायला सांगितले. निघताना पाणंदीत बाभळी लागल्या म्हणून आरसे मिटले. डांबरी रस्ता आला तसा थांबून बटण दाबले, खाली उतरून डाव्या अंगाला जाऊन पाहिले आणि मगच गाडी रस्त्यावर घेतली.