खोगीरभरती

जुनी स्पोर्ट्स कार विकायला काढणारा माणूस जाहिरातीत इंजिनाबद्दल चार ओळी लिहितो. टायर नवे आहेत, टप गळत नाही, गंज नाही, हेही लिहितो. सीटबद्दल फार तर ‘थोड्या झिजल्या आहेत’ एवढंच. खरं तर अख्ख्या गाडीत आपल्या शरीराचा सगळा भार घेणारी वस्तू तीच. इंजिन गाडीचं असतं, सीट माणसाची असते. आणि जुन्या गाडीत ती बहुतेक वेळा भलत्याच माणसाची असते.

माझ्याकडे १९९२ची माझदा मिआटा आहे. दोन सीटची, कापडी टपाची, लाल. न्यू जर्सीत राहते आणि तिथेच ती विकत घेतली. हे मॉडेल १९८९ साली शिकागोच्या मोटर शोमध्ये पहिल्यांदा लोकांसमोर आलं. १.६ लिटरचं इंजिन, ११६ हॉर्सपॉवर, वजन हजार किलोच्या आत. आजच्या हिशेबाने ताकद काहीच नाही. पण गाडी एवढी हलकी आणि बुटकी आहे की ताशी पन्नास किलोमीटरलाही आपण काहीतरी करतोय असं वाटतं. माझदाचे लोक या गाडीबद्दल एक जपानी शब्दप्रयोग वापरतात : ‘जिन्बा इत्ताई’. म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव.

प्रश्न असा की, कुठला स्वार?

माझी उंची पाच फूट. सेंटिमीटरमध्ये १५२. या गाडीत सीट पुढे-मागे सरकते, पाठ कलते, बस्स. सीट वर-खाली होत नाही. स्टिअरिंगही वर-खाली होत नाही. मी बसले की बूड खोल खड्ड्यात आणि गुडघे वर. क्लच पूर्ण दाबायचा तर सीट पार पुढच्या खाचेपर्यंत आणावी लागायची. बॉनेट दिसायचं ते स्टिअरिंगच्या गोलातून. टेप घेऊन मोजलं तर स्टिअरिंगच्या मध्यापासून छातीपर्यंत अंतर एकवीस सेंटिमीटर. त्या स्टिअरिंगमध्ये एअरबॅग आहे, आणि अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याचा सल्ला आहे की हे अंतर किमान दहा इंच, म्हणजे पंचवीस सेंटिमीटर असावं. एअरबॅग डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते. त्या क्षणी आपण तिच्या फार जवळ असलो तर वाचवणारी वस्तूच मारते.

ओळखीच्यांनी यावर दोन उपाय सुचवले. एक, ही विकून उंच एसयूव्ही घे. दोन, खाली उशी घे. पहिला उपाय मला मान्य नव्हता. दुसरा घरातलाच होता : माझी आई मारुती ८०० चालवायची तेव्हा खाली सोफ्याची उशी घ्यायची, आणि शेजारी बसलेले बाबा दर सिग्नलला विचारायचे, ‘दिसतंय ना पुढचं?’ पण सुटी उशी ही धोक्याची वस्तू आहे. जोरात धडक बसली की ती सरकते, तिच्याबरोबर आपणही सरकतो, आणि कंबरेवर असायला हवा तो पट्टा पोटात रुततो. पट्टा हाडावर बसला तर तो वाचवतो, पोटावर बसला तर आतले अवयव चिरडतो.

मग सीट काढून बघायचं ठरवलं. तिच्या आत काय आहे आणि काय नाही, हे बघितल्याशिवाय पुढचं काही ठरणार नव्हतं.

आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं, तर ती म्हणाली, “अगं, सीट काढलीस तर बसणार कशावर?”

“परत बसवणार आहे, आई.”

“मग काढतेस कशाला?”

प्रश्न बिनतोड होता.

सीट काढणं हे काम ऐकायला वाटतं तेवढं मोठं नाही. प्रत्येक सीटला चार बोल्ट, सगळ्यांना चौदाचा पाना. आपल्याकडे गॅरेजात ज्याला गोटी म्हणतात तो सॉकेट, एक लांब दांड्याचं रॅचेट, आणि आदल्या रात्री बोल्टांवर मारून ठेवलेलं गंज सोडवायचं तेल. आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढायचा. या गाडीत बॅटरी डिकीत असते. मग सीट पूर्ण मागे सरकवायची, की पुढचे दोन बोल्ट दिसतात. ते काढून सीट पूर्ण पुढे, की मागचे दोन. हा क्रम लक्षात ठेवायचा, कारण पुढचे बोल्ट निघाल्यावर सीट डगमगते आणि रुळावर नीट सरकत नाही. जोर हाताने लावायचा नाही, अंगाच्या वजनाने लावायचा. माझं वजन फार नाही, म्हणून मी लांब दांडा घेतला. पहिला बोल्ट सुटताना ‘टक्’ असा आवाज होतो आणि क्षणभर कळत नाही की बोल्ट सुटला की तुटला. सुटलाच होता. आठपैकी आठही सुटले.

बोल्ट निघाले म्हणून लगेच सीट उचलायची नाही. ती मागे कलती करून खाली हात घालायचा आणि वायरी शोधायच्या. ड्रायव्हरच्या सीटखाली पट्टा लावलाय की नाही हे सांगणारी एक वायर असते, कारण पट्ट्याचं कुलूप सीटलाच जोडलेलं आहे आणि सीटबरोबर बाहेर येतं. माझ्या गाडीत डोक्यामागच्या उशीत स्पीकरही आहेत, त्यांची वेगळी वायर. टप उघडा असला तर गाणं वाऱ्यात हरवू नये म्हणून कानाजवळ दिलेले. नंतरच्या काळातल्या अनेक गाड्यांच्या सीटमध्येच बाजूची एअरबॅग असते. तिच्या वायरीला पिवळा कनेक्टर असतो, आणि तिथे बॅटरी काढून थोडा वेळ थांबल्याशिवाय हात लावायचा नाही. माझ्या गाडीत ती भानगड नव्हती. वायरी सोडवल्या, टप खाली पाडला आणि सीट वरून उचलून बाहेर काढली. वजनाचा त्रास कमी, आकाराचा जास्त. रुळांची टोकं धारदार असतात, म्हणून दाराच्या चौकटीवर आधी जुनी चादर टाकली होती.

दोन्ही सीट निघाल्यावर गाडीची जमीन पहिल्यांदा दिसली. एक गिटारचं प्लेक्ट्रम, सत्तर-ऐंशी सेंटची चिल्लर, एक केसांचा चाप आणि ओला गालिचा. ओल कुठून आली हे या गाड्यांत ठरलेलं आहे. टपावरचं पाणी सीटच्या मागे दोन्ही कोपऱ्यांतल्या बारीक नळ्यांतून खाली जातं. त्या पानांनी तुंबल्या की पाणी आत उतरतं आणि गालिच्याखाली मुरत बसतं. वरून काही कळत नाही. खाली पत्रा सडत असतो आणि वर आपण टपाला पॉलिश करत असतो. मी गालिचा उचलला तेव्हा खरी धाकधूक होती, कारण पत्रा गेला असता तर सीटचे बोल्ट कशात पकडणार? पुढचा सगळा खटाटोप तिथेच संपला असता. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघितलं. आवाज भरीव आला. वरवरचा गंज होता, घासून निघाला. नळ्यांतून मूठभर काळा चिखल निघाला.

मग ड्रायव्हरची सीट उलटी करून कव्हर सोडवलं. ते तारेच्या कड्यांनी खालच्या सांगाड्याला आवळलेलं असतं. एकेक कडी पक्कडीने उघडली, कव्हर पुढून सोलत मागे नेलं आणि फोम उचलला.

फोममध्ये खड्डा होता. झिजून झालेला नाही, कापून केलेला. बूड टेकतं त्याच जागी परातीएवढा गोल, बारीक आडव्या रेघांचा, सुरीने कापलेला. एका उंच माणसाचा पुरुषभर पुरावा.

या उद्योगाला मिआटावाल्यांच्या जगात नाव आहे : फोमेक्टमी. अपेंडिक्स काढतात तसा फोम काढायचा. सहा फुटांच्या वरच्या लोकांचं डोकं टपाला लागतं, म्हणून ते सीटमधला फोम कोरून एक-दीड इंच खाली बसतात. बरेच जण त्यासाठी विजेवर चालणारी सुरी वापरतात, थँक्सगिव्हिंगला टर्की कापायची असते ती. मी ज्याच्याकडून गाडी घेतली त्याला फोटो पाठवला. त्याचं लगेच उत्तर आलं, “हो, मीच. मी सहा फूट चार इंच आहे. टप लावला की मान वाकडी करून चालवायचो. आधी सांगायला हवं होतं.”

म्हणजे वर्षभर मी एका सहा फूट चार इंच माणसाच्या पोकळीत बसत होते.

मला त्याचा राग आला नाही. उलट हेवा वाटला. गाडी त्याच्या मापाची नाही हे कळल्यावर त्याने स्वतःला बोल लावला नव्हता, सुरी घेतली होती. मी मात्र वर्षभर धरून चालले होते की गाडी बरोबर आहे आणि माझी उंची चुकीची आहे. ही सवय आम्हा बुटक्या बायकांना लहानपणापासून असते. बसमधली वरची कडी, ओट्यावरचं वरचं फडताळ, बँकेचं काउंटर, सगळीकडे टाचा उंचावायच्या आणि हसायचं.

गाड्यांच्या बाबतीत ही सवय नुसती गैरसोयीची नाही. धडकेच्या चाचण्यांत सगळ्यात जास्त वापरला गेलेला पुतळा ‘हायब्रिड थ्री’ हा जनरल मोटर्सने १९७०च्या दशकात घडवला. तो मध्यम बांध्याचा पुरुष आहे. उंची सुमारे १७५ सेंटिमीटर, वजन सुमारे ७८ किलो. पट्टा कुठून जावा, डोकं कुठे आदळेल, एअरबॅग किती जोरात फुगावी, याचे हिशेब दीर्घकाळ मुख्यतः त्याच्यावर बेतले गेले. त्याच घराण्यात एक छोटी बाईही आहे. पाच फूट उंच, पन्नास किलोच्या आसपास. ती नंतर आली. तिची उंची वाचली तेव्हा मला नात्यातलं कुणीतरी भेटल्यासारखं झालं.

फोम कापणं आपल्याकडेही नवं नाही. फक्त आपल्याकडे ते बुटक्यांसाठी होतं. पाय जमिनीला टेकत नाहीत म्हणून मोटरसायकलची सीट खरवडून घेणारे कितीतरी जण आहेत. माझी मामेबहीणही त्यातलीच. सीटकव्हरवाल्याकडे तासभर बसून तिने सीट दीड इंचाने उतरवून घेतली आणि त्यानंतर कुणी तिला ‘स्कूटी घे’ म्हटलं नाही. तिने काढलं, मला भरायचं होतं.

सीटचं काम करणारा एक म्हातारा कारागीर सापडला. त्याने मला फोमवर बसवलं, मागून, बाजूने बघितलं आणि खडूने खुणा केल्या. खड्ड्यात कडक, दाट फोमचा तुकडा कापून चिकटवला. वरून पातळ मऊ थर दिला. पुढची कड थोडी तासून उतरती केली, कारण मांडी तिथे अडली की पाय लांबत नाही. सुटी उशी नाही, जादा उंची देणारे ठोकळे नाहीत, पट्ट्याच्या कुलुपाला हात नाही. सीटच पुन्हा सीट केली.

तो हे करत असताना मला ‘खोगीरभरती’ हा शब्द आठवत होता. खोगीर म्हणजे घोड्याच्या पाठीवर टाकायची गादी. तिच्यात चिंध्या-बिंध्या कोंबून भरती करायची, म्हणून संख्या वाढवायला घेतलेल्या बिनकामाच्या माणसांना किंवा लेखातल्या फालतू मजकुराला आपण खोगीरभरती म्हणतो. हा शब्द ज्याने हिणवून वापरायला सुरुवात केली, तो बहुधा कधी दूरवर घोड्यावर गेला नसावा. घोडा आणि स्वार एकजीव होतात ते याच भरतीमुळे. ती स्वाराच्या मापाची नसेल तर घोड्याची पाठ सोलते आणि स्वाराचीही.

सीट परत बसवताना आठही बोल्ट आधी नुसत्या बोटांनी फिरवून घेतले, मग पान्याने, आणि शेवटी टॉर्क रेंचने पुस्तकात दिलेल्या मापाइतके आवळले. आधीच एक बोल्ट पूर्ण आवळला तर दुसऱ्याचं भोक जुळत नाही. वायरी जोडल्या, बॅटरी जोडली, पट्टा लावल्यावर दिवा विझतो का ते बघितलं. रुळावर सीट पुढे-मागे करून दोन्ही बाजू एकदम अडकतात याची खात्री केली. ही शेवटची गोष्ट टाळू नये. एकाच बाजूला अडकलेली सीट ब्रेक दाबल्यावर आपली जागा सोडू शकते.

मग बसले. क्लच पूर्ण दाबला. सीट आता पुढच्या खाचेत नव्हती, दोन खाचा मागे होती, कारण खड्डा भरल्यावर मांड्या सरळ झाल्या आणि पाय पोचायला लागला. बॉनेट स्टिअरिंगच्या वरून दिसत होतं. टेप लावला : सत्तावीस सेंटिमीटर.

सहा सेंटिमीटरचा फरक. बाहेरून गाडीत काहीही बदललेलं नाही. फोटोत दाखवण्यासारखं काही नाही.

कापलेल्या फोमचा आकार मी कागदावर उतरवून घेतला आहे आणि गाडीच्या कागदपत्रांत ठेवला आहे. उद्या ही गाडी विकताना जाहिरातीत सीटबद्दल एक पूर्ण ओळ लिहीन : ड्रायव्हरची सीट पाच फूट उंचीच्या माणसासाठी भरलेली आहे, तुमचं माप वेगळं असेल तर चार बोल्ट आहेत, चौदाचा पाना लागतो.