सूर्यास्तापूर्वीचे औषध

जपानमधील कोबे शहर डोंगर आणि समुद्र यांच्यामधील अरुंद पट्टीवर वसले आहे. 1868 साली येथील बंदर परदेशी व्यापाराला खुले झाले आणि रोक्को पर्वताच्या पायथ्याशी कितानो भागात परदेशी व्यापाऱ्यांची घरे उभी राहिली. पुढे कोबे मोत्यांची पेढी बनले. रोक्कोच्या बाजूने येणारा उत्तरेचा मंद प्रकाश मोती पारखण्यास उत्तम, असे तेथील जाणकार मानतात. या व्यापाराच्या निमित्ताने स्थायिक झालेल्या जैन कुटुंबांनी 1985 साली कितानोतच संगमरवरी देरासर उभारले.

देरासराचा रस्ता चढाचा आहे. डिसेंबरमधील एका ओल्या सकाळी दर्शन घेऊन उतरताना अशाच एका कुटुंबातील सुनेचा पाय घसरला. उजवा तळहात कापला, मनगट मुरगळले. हळदीने भागेल, असे ती म्हणत होती. परंतु जखमेत खडे रुतले होते. पतीने तिला जवळच्या दवाखान्यात नेले.

किरकोळ दुखापतीसाठी जपानमध्ये थेट मोठ्या रुग्णालयात जात नाहीत. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून गेल्यास तेथे वेगळे शुल्क पडते. हाडे, सांधे व जखमा पाहणारे ‘सेइकेई-गेका’ दवाखाने वस्तीतच असतात. तीन महिन्यांहून अधिक काळ राहणाऱ्यांना आरोग्यविमा बंधनकारक असून प्रौढ रुग्णास साधारणपणे खर्चाचा 30 टक्के वाटा द्यावा लागतो. भेटीस आलेल्या आईवडिलांना मात्र हे छत्र नसते. त्यांचा प्रवासविमा निघण्यापूर्वीच उतरवलेला बरा.

दवाखान्यात प्रथम एक प्रश्नपत्रक भरावे लागते. कशाची ॲलर्जी आहे, कोणती औषधे चालू आहेत, असे सारे त्यात विचारलेले असते. व्रतनियमांसाठी रकाना नसतो. सुनेचा चौविहाराचा नियम होता. पण परक्या डॉक्टरांना ते कसे सांगावे, या संकोचाने ती गप्प राहिली. जखम धुऊन नायलॉनच्या धाग्याने तीन टाके घातले गेले, क्ष-किरण तपासणीत हाड शाबूत निघाले आणि औषधांची चिठ्ठी मिळाली.

औषधे बाहेरच्या दुकानात घ्यायची असतात. तेथील औषधविक्रेत्या बाईंनी पाकीट पुढे ठेवून समजावले : कॅप्सूल तीन वेळा, सकाळी, दुपारी आणि रात्रीच्या जेवणानंतर. डिसेंबरमध्ये कोबे येथे पाच वाजण्यापूर्वीच सूर्य मावळतो. शिवाय कॅप्सूलचे कवच बहुधा प्राणिजन्य जिलेटिनचे असते. रात्रीची मात्रा गुपचूप गाळावी, असे सुनेने मनाशी ठरवलेही होते. जंतुनाशक औषध असे अर्धवट घेतल्यास जखम चिघळू शकते, हे तिच्या ध्यानी आले नव्हते.

तेवढ्यात बाईंनी सहज विचारले, “रात्रीचे जेवण किती वाजता घेता?”

त्या प्रश्नाने बांध फुटला. पतीने मोडक्यातोडक्या जपानीत सारे सांगितले. बाई हसल्या नाहीत, नवलही केले नाही. चिठ्ठी परस्पर बदलण्याचा अधिकार त्यांना नसतो. शंका आल्यास डॉक्टरांना विचारणे हे मात्र त्यांचे कर्तव्य असते. त्यांनी दूरध्वनी केला. दिवसातून एकदाच, दुपारच्या जेवणानंतर घ्यायची गोळी मिळाली. मनगटासाठी वरून चिकटवायची औषधी पट्टी दिली गेली. मग बाईंनी एका छोट्या वहीत औषधांचा तपशील चिकटवला आणि खाली लिहिले : सूर्यास्तानंतर काही घेत नाहीत, जिलेटिन नको.

ही ‘ओकुसुरी-तेच्यो’, म्हणजे औषधांची वही, जपानमध्ये घरोघरी असते. 17 जानेवारी 1995 रोजी याच कोबे परिसरात भीषण भूकंप झाला. अशा आपत्तीत दवाखान्यातील नोंदी हाती लागत नाहीत, तेव्हा रुग्णाजवळची वहीच उपयोगी पडते.

आपल्या प्रत्याख्यानात आगार सांगितले आहेत. गंभीर आजारात गुरुमहाराजांचे मार्गदर्शन घेता येते. किरकोळ दुखापतीत तर बहुधा तशी वेळही येत नाही. फक्त नियम मोकळेपणाने सांगावा लागतो. चार दानांमध्ये औषधदानाची गणना आहे. देणारा कोणत्याही देशाचा असो, त्याचे दान पूर्ण व्हावे म्हणून घेणाऱ्याने संकोच सोडणे आवश्यक असते. दहा दिवसांनी टाके निघाले. त्या दहा दिवसांत एकही मात्रा चुकली नाही आणि नियमही अखंड राहिला.