हेस्टिंग्जचा तो डाव

आमच्या वर्गातली मुले मोबाइलवर बुद्धिबळ खेळतात. समोरच्याचे रेटिंग आपल्यापेक्षा दोन-तीनशेने जास्त दिसले, की काही जण पहिली चाल करण्याआधीच मनातून हरलेले असतात. अशा वेळी आम्ही त्यांना मीर सुलतान खान यांचा डाव मांडून दाखवतो.

1930-31 चा हिवाळा, इंग्लंडमधील हेस्टिंग्जची स्पर्धा. रेटिंगचे आकडे तेव्हा नव्हते. पण कोण वरचा, कोण खालचा हे सगळ्यांना ठाऊक होते. एकीकडे क्यूबाचे कापाब्लांका, 1921 ते 1927 जगज्जेते. दुसरीकडे पंजाबातल्या मीठा टिवाणा गावचे सुलतान खान, सर उमर हयात खान यांच्यासोबत 1929 साली विलायतेला आलेले. वडिलांकडून शिकले ते देशी शतरंज. त्यात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरकते. युरोपी नियम मोठेपणी शिकावे लागले.

कापाब्लांकांनी दोन हत्ती देऊन वजीर मारला. वजीर गेला म्हणजे डाव गेला, असे मुले लगेच म्हणतात. इथे मात्र सुलतान खान यांनी प्यादी पुढे सारून पटच बंद करून टाकला. काळ्या वजिराला करण्यासारखे काही उरले नाही. तो कडेच्या दोन घरांत येरझारा घालत राहिला. यांचा राजा सावकाश कोपऱ्यापर्यंत जाऊन आला, हत्ती आत शिरले. घाई कुठेच नाही! 65 व्या चालीनंतर कापाब्लांकांनी हार मानली.

‘निरक्षर नोकराने जगज्जेत्याला हरवले’ असे सांगितले की गोष्ट रंगते. त्यांच्या घरच्यांना हे दोन्ही शब्द मान्य नाहीत. आम्हीही ते वापरत नाही. खेळ पुरेसा बोलका आहे.

1929, 1932 आणि 1933 असे तीनदा ते ब्रिटनचे विजेते झाले. 1933 साली महिलांचे विजेतेपद उमर हयात खान यांच्याच घरातल्या फातिमा यांनी मिळवले, हे मुलींना आवर्जून सांगतो.

त्याच वर्षाअखेर सुलतान खान मायदेशी परतले आणि मोठ्या स्पर्धा संपल्या. स्वतःच्या मुलांना त्यांनी बुद्धिबळ शिकवले नाही. आयुष्यात याहून उपयोगाचे काही करा, म्हणाले. पालक हे ऐकून खूश होतात, मुले हिरमुसतात. 1966 मध्ये त्यांचे निधन झाले. जागतिक संघटनेने त्यांना सन्माननीय ग्रँडमास्टर केले ते 2024 मध्ये.