एक-तीन-चार-दोन

मुलांनो, गाडीला उचकी लागलेली तुम्ही कधी ऐकली आहे का? हसू नका हं! सपाट रस्त्यावर शहाण्यासारखी चालणारी गाडी चढ लागला की अडखळते, सगळ्यांना हिसके देते, मागून 'फट' असा आवाज काढते आणि पुन्हा चालू लागते. गॅरेजमधली माणसं याला 'मिसिंग' म्हणतात. "गाडी मिसिंग मारतीय" असं कुणी म्हणालं की समजायचं, इंजिनाच्या एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडायची चुकते आहे.

वाईला माझ्या वडिलांची, म्हणजे अण्णांची, एक फियाट आहे. १९६९ सालची, मुंबईला कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली. हिचा गिअरचा दांडा खाली नसतो, स्टिअरिंगपाशी असतो. मुंबईच्या जुन्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीची ही थोरली बहीण. (त्या टॅक्सींनी २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईचा निरोप घेतला.) काटेकोर जाणकार १९३० पर्यंतच्याच गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणतात. पण आपल्या सरकारच्या २०२१ च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षं ओलांडलेली, मूळ रूपात जपलेली गाडी व्हिंटेज ठरते. मला बाई सरकारचाच नियम बरा वाटतो!

आमच्या गल्लीतली निम्मी मुलं जन्मल्यावर याच गाडीतून दवाखान्यातून घरी आली आहेत. रात्री-अपरात्री कुणीही दार वाजवलं की अण्णा सदऱ्यात हात घालत बाहेर यायचे. तर अशी ही गाडी यंदाच्या पावसाळ्यात पसरणीच्या घाटात उचक्या द्यायला लागली. एका गॅरेजमध्ये दाखवली. तिथल्या माणसाने बॉनेट वर केलं, आवाज ऐकला आणि सांगितलं, "इंजिन खोलावं लागणार. चाळीस हजार धरून चाला." दादा पुण्याहून फोनवर म्हणाला, "अण्णा, आता पुरे. देऊन टाका." भंगारवाल्याशी बोलणंही झालं, रविवारी यायचं ठरलं. अण्णा काही बोलले नाहीत. फक्त जेवताना भाकरी अर्धीच खाल्ली.

आता थोडं ठिणगीबद्दल सांगते, म्हणजे पुढची गंमत कळेल.

पेट्रोलची वाफ आणि हवा यांचं मिश्रण सिलिंडरमध्ये दाबलं जातं आणि प्लगच्या टोकाशी ठिणगी पडून ते पेटतं. पण गाडीची बॅटरी असते फक्त १२ व्होल्टची. एवढ्याशा जोरावर प्लगच्या टोकामधली फट ओलांडता येत नाही. म्हणून मध्ये एक कॉईल बसवलेली असते. तिच्यात जाड तारेचे थोडे वेढे आणि बारीक तारेचे हजारो वेढे असतात. जाड तारेतला करंट एकदम तोडला की बारीक तारेत पंधरा-वीस हजार व्होल्ट तयार होतात! हा करंट जातो डिस्ट्रिब्युटरकडे. डिस्ट्रिब्युटर म्हणजे पंगतीतला वाढपी. गोल फिरत तो प्रत्येक प्लगच्या पानात ठिणगी वाढतो. वाढायची पळी म्हणजे प्लगच्या वायरी. चार प्लगना चार, आणि कॉईलपासून वाढप्यापर्यंत पाचवी. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर एकेका प्लगला सेकंदाला पंचवीस ठिणग्या लागतात.

ही पद्धत चार्ल्स केटरिंग या अमेरिकन माणसाने शोधली आणि १९१० च्या कॅडिलॅक गाडीत ती आली. हे केटरिंग आधी खेड्यातल्या शाळेत मास्तर होते, बरं का! पुढे डोळ्यांच्या त्रासाने कॉलेज मध्येच सुटलं, मग ते टेलिफोनच्या तारा ओढायच्या कामावर राहिले आणि नंतर पुन्हा कॉलेजात गेले. मास्तर होते म्हणून मी त्यांचं नाव जरा जास्तच अभिमानाने घेते.

शनिवारी रात्री पाऊस रिमझिमत होता. अण्णा म्हणाले, "दिवे घालव. आणि शेडचं दार सताड उघडं ठेव, धूर विषारी असतो." गाडी चालू केली, बॉनेट उघडलं. अण्णांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, त्यांना काही दिसेना. मला नुसता 'टिक टिक' आवाज येत होता. पण माझा सहावीतला भाचा लांबूनच ओरडला, "आजोबा, तिसरीपाशी निळं चमकतंय!"

खरंच की! तिसऱ्या वायरीच्या रबराला केसासारखी चीर पडली होती आणि तिथून करंट उडी मारून इंजिनाच्या लोखंडात पळत होता. पाणी कसं सोप्या उताराने जातं, तसंच. घाट चढताना सिलिंडरमध्ये मिश्रण जास्त ठासलं जातं, प्लगपाशी ठिणगी पडणं अवघड होतं, मग करंट चिरेतून सोपी वाट धरतो. त्यात पावसाळी दमट हवा. म्हणून उचकी घाटातच लागायची, वाईच्या बाजारात नाही. "इंजिनाला काही झालेलं नाही," अण्णा म्हणाले. बऱ्याच दिवसांनी त्यांचा आवाज मोठा निघाला.

सकाळी उठल्या उठल्या भाचा आणि मी ओळखीच्या दुकानदाराला हाक मारून दुकान उघडायला लावलं. नव्या वायरी दोन तऱ्हेच्या मिळतात. एका जातीत आत तांबं, दुसरीत कार्बनचा धागा. कार्बनवालीमुळे रेडिओत खरखर येत नाही. आमच्या गाडीत रेडिओच नाही, म्हणून मूळच्यासारख्या तांब्याच्या घेतल्या. पाचांचे मिळून साडेपाचशे रुपये.

पुढचं काम सोपं, पण शिस्तीचं. इंजिन थंड, किल्ली खिशात, बॅटरीची ऋण बाजूची वायर सोडलेली. (हे मोठ्यांनी जवळ उभं राहूनच करायचं काम आहे. चालू गाडीच्या वायरीला हात लावला तर सणसणीत झटका बसतो.) भाच्याने उत्साहाने चारही वायरी एकदम उपटायला हात घातला, तेवढ्यात अण्णांनी त्याचं मनगट धरलं. "एक काढायची, तिच्या लांबीची नवी शोधायची, बसवायची. मगच दुसरी."

का? कारण वाढपी एक-दोन-तीन-चार असा जात नाही! त्याचा क्रम एक, तीन, चार, दोन. रेडिएटरकडचा सिलिंडर पहिला. हे मी माझ्या चौथीच्या वर्गात करून पाहिलं आहे. चार मुलं ओळीत उभी केली आणि त्यांना या क्रमाने टाळी वाजवायला सांगितलं. ताल छान लागला. मग दोन आणि तीन नंबरच्या मुलांची पाळी गुपचूप बदलली, तर सगळा वर्ग खो खो हसला. इंजिनात मात्र अशी अदलाबदल झाली तर ठिणगी भलत्या वेळी पडते, इंजिन थरथरतं, कधी चालूच होत नाही. घरी चौघं जमलात की तुम्हीही करून बघा.

वायर ओढताना तिला धरून ओढू नये, आतली तार तुटते. टोकाची रबरी टोपी धरायची, थोडी पिळायची, मग ओढायची. नवी बसवताना टोक 'कट्' करून बसल्याचं बोटांना कळलं पाहिजे. आणि वायर सायलेन्सरकडच्या तापलेल्या पाईपाला टेकता कामा नये. अण्णांना नीट दिसत नव्हतं, पण प्रत्येक टोपी त्यांनी स्वतः चाचपून पाहिली. भाचा मोठ्याने म्हणत होता, "एक झाली... तीन झाली..."

दहा वाजता आम्ही तिघं पसरणीचा घाट चढून पाचगणीपर्यंत जाऊन आलो. एकही उचकी नाही! येताना अण्णा गाणं गुणगुणत होते, पण बेसूर, म्हणून कोणतं ते सांगत नाही.

परत आलो तर भंगारवाला ओट्यावर बसलेला. अण्णांनी त्याला चहा दिला. बिचाऱ्याची खेप फुकट जाऊ नये म्हणून भाच्याने जुन्या पाच वायरी आणून त्याच्यापुढे ठेवल्या. त्याने सुरीने एकीचं टोक सोलून पाहिलं. "तांबं आहे," म्हणाला, आणि पिशवीत टाकून घेऊन गेला.