फणेरपेटीतला उजेड

"कुठे राहता तुम्ही?"

"सचिनला."

"तेंडुलकरकडे का?"

खानदेशात कुठल्याही लग्नाला गेलं की हा विनोद एकदा तरी होतोच. आता आम्हीही हसून घेतो. आमचं सचिन म्हणजे सुरतहून मुंबईकडे निघालं की उधना, भेस्तान आणि त्यानंतरचं स्टेशन. जीआयडीसी, डाइंग मिलचे भोंगे आणि तीन भाषांतली पोरंसोरं. पप्पा इथल्याच एका मिलच्या लॅबमध्ये शेड जुळवायचं काम करतात. आई घराच्या पुढच्या खोलीत पार्लर चालवते आणि लग्नसराईत नवरीच्या मेकअपच्या ऑर्डरी घेते. आजी दाराशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करते.

ही गोष्ट आईच्या मेकअपच्या पेटीची आहे. सुरुवात मात्र एका फजितीपासून होते.

मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होते. दोंडाईचाजवळच्या एका गावात आईला नवरीची ऑर्डर होती, तिच्या मदतीला मी गेले. उधन्याहून भुसावळ लाइनची गाडी पकडली. हातात ती जाडजूड ट्रॉलीबॅग, सात किलोंच्या वर वजन. पहाटे साडेचारला आई कामाला बसली. खोलीत एकच पिवळा बल्ब, तोही नवरीच्या डोक्यामागे. आरसा भिंतीवर, उंच टांगलेला. मी मोबाइलचा टॉर्च धरून उभी होते. त्या उजेडात नवरी खरंच छान दिसत होती.

नऊ वाजता ती मांडवात आली आणि माझ्या पोटात गोळा आला. चेहरा राखाडी, मान सावळी. मधे कुणी रेघ मारल्यासारखी दिसत होती. नवऱ्याकडची एक बाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पिठाच्या डब्यात तोंड घातलं का हो पोरीनं?" लोक हसले. नवरीने मान खाली घातली ती पूर्ण लग्नभर वर केली नाही. आई पुढे जाऊन तिची मान सारखी करून आली, पण जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. परतीच्या गाडीत आई नंदुरबार गेलं, नवापूर गेलं तरी एक शब्द बोलली नाही. शेवटी एवढंच म्हणाली, "त्या पोरीच्या फोटोत ते कायमचं राहणार."

तिसऱ्या वर्षाला प्रोजेक्टचा विषय द्यायची वेळ आली तेव्हा मी लिहून दिलं : दिव्याचा आरसा बसवलेली, हातात नेता येईल अशी मेकअपची पेटी.

मला वाटलं होतं, काम सोपं आहे. बाजारात गोल दिव्याचे आरसे मिळतातच. मी पुठ्ठ्याची पेटी केली, झाकणात आरसा लावला आणि आरशाच्या मागून चारही बाजूंनी एलईडीची पट्टी फिरवली. बटण दाबलं की आरशाभोवती झगमगाट. हॉटेलसारखं वाटायचं. कौतुकाने आजीसमोर नेऊन ठेवलं.

"हाई काय शे वं?" आजी म्हणाली. मी सांगितलं. तिने डोळे बारीक करून आत पाहिलं, तोंड इकडेतिकडे फिरवलं आणि पेटी माझ्याकडे सरकवली. "उजेड आरसावर नही, तोंडवर पडाले जोयजे."

मी हिरमुसले. रात्री झोपताना लक्षात आलं की तिचं अगदी बरोबर आहे. आरसा काही स्वतः दाखवत नाही. चेहऱ्यावर पडलेला उजेड तो फक्त परत पाठवतो. माझे दिवे आरशाच्या मागे होते, ते माझ्या डोळ्यांत घुसत होते आणि चेहरा अंधारातच राहत होता. दिवा डोक्यावर असला तर भुवया आणि नाकाची सावली खाली पडते. मागे असला तर सगळंच काळवंडतं. दोन्ही बाजूंनी, चेहऱ्याच्या उंचीला असला तरच गाल, हनुवटी आणि मान सारखी दिसते.

दुसऱ्या दिवशी आजीने आपली पेटी काढून दाखवली. ती तिला नुसतं 'पेटी' म्हणते. पुस्तकी नाव फणेरपेटी. लाकडी, वीतभर लांब, झाकण उघडलं की आतून आरसा उभा राहतो. खाली कप्पे : फणीचा, कुंकवाच्या करंड्याचा, मेणाच्या डबीचा. तेव्हा कोरडं कुंकू टिकावं म्हणून कपाळाला आधी मेण लावायचे आणि त्यावर कुंकू. आज आई फाउंडेशनच्या आधी प्रायमर लावते, तोच हिशेब. पुढे पुण्याला गेले तेव्हा राजा दिनकर केळकर संग्रहालयात मी या जुन्या फण्या आणि करंड्यांपुढे इतका वेळ उभी राहिले की सोबतचे कंटाळून पुढे निघून गेले.

आजीच्या पेटीत दिवा नव्हता. तिने दिव्याचं काम दारावर सोपवलं होतं. सकाळी ती पेटी घेऊन उंबऱ्याशी बसायची, तोंड बाहेर, पाठ घराकडे. उजेड समोरून यायचा.

त्या पेटीने माझा आणखी एक प्रश्न सोडवला. माझ्या दुसऱ्या नमुन्यात वीस बाय पंचवीस सेंटीमीटरचा, चार मिलिमीटर जाडीचा काचेचा आरसा होता. त्याचंच वजन अर्धा किलो. झाकण उघडलं की पेटी पाठीवर आडवी. मी तीन मिलिमीटरचा ॲक्रिलिकचा आरसा लावून पाहिला. तो पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास भरतो, पण किंचित वाकला तरी चेहरा जत्रेतल्या आरशासारखा लांबतो. नवरीला ते कसं चालेल? आजीच्या पेटीत मात्र आरशाची चौकट मागच्या कडेला नव्हती. ती चार बोटं आत बिजागरीला होती आणि झाकणावर रेलायची. भार पेटीच्या आतच पडायचा. मी बिजागरी पुढे आणली, दोन मिलिमीटरची काच घेतली, फुटली तरी तुकडे उडू नयेत म्हणून तिला मागून पातळ फळी चिकटवली आणि बॅटरी पुढच्या बाजूला तळाशी बसवली. पेटी पडायची थांबली. आरशाच्या दोन्ही बाजूंना खिडकीसारखी दोन झडपं केली. दिवे त्यांच्यात, वरून दुधी ॲक्रिलिक, म्हणजे उजेड डोळ्यांत टोचत नाही.

कप्प्यांचं काम आईने केलं. तिने चादर अंथरून तिचं सगळं सामान मांडलं आणि लग्नात ज्या क्रमाने हात जातो त्या क्रमाने लावून दाखवलं. निम्म्या वस्तू तर तिने स्वतःच बाजूला काढल्या. "या दोन वर्षांत उघडल्याच नाहीत!" ओल्या ब्रशांच्या कप्प्याला भोकं पाडली आणि कुंकू-पावडर सांडली तर धुता यावा म्हणून ट्रे सुटा ठेवला.

पेटी उभी राहिली. उजेडही चेहऱ्यावर पडू लागला. पण कोणता उजेड? इथे पप्पा कामाला आले.

ब्लाउजपीस घ्यायला गेलं की बायका साडी आणि पीस घेऊन दुकानाबाहेर उन्हात येतात, आठवतं? दुकानात अगदी जुळलेला रंग बाहेर येताच वेगळा दिसतो. पप्पांच्या मिलमध्ये हेच काम एका करड्या रंगाच्या कपाटात चालतं. त्याला कलर मॅचिंग कॅबिनेट म्हणतात. त्यात वेगवेगळे दिवे असतात : डी ६५ म्हणजे दिवसाचा उजेड, टीएल ८४ म्हणजे दुकानातल्या ट्यूबसारखा आणि ए म्हणजे साधा पिवळा बल्ब. दोन कापडं एका दिव्यात सारखी आणि दुसऱ्यात वेगळी दिसली तर त्याला मेटामेरिझम म्हणतात. तशी शेड पप्पा पास करत नाहीत.

मी एका पांढऱ्या कार्डावर फाउंडेशनच्या दोन शेड फासून पप्पांकडे दिल्या. एक आईने त्या नवरीला लावली होती ती, दुसरी दोन नंबर सावळी. पप्पांनी दुपारच्या सुट्टीत कॅबिनेटमध्ये धरून पाहिलं आणि मला फोन केला. "बल्बमध्ये दोन्ही गव्हाळ दिसतात. दिवसाच्या उजेडात पहिली राखेसारखी आहे." आईची फजिती पप्पांच्या भाषेत एका वाक्यात संपली.

मग मी दिव्यांचा अभ्यास केला. बल्बचा उजेड साधारण २७०० केल्विनचा, पिवळा. दिवसाचा ५५०० ते ६५००, पांढरा. पण नुसता पांढरा असून भागत नाही. तो रंग किती खरे दाखवतो याचा एक आकडा असतो, सीआरआय. शंभर म्हणजे उत्तम. मी आणलेली स्वस्त पट्टी सत्तरच्या आसपासची होती. अशा दिव्यात गडद लाल रंग कमी असतो, त्यामुळे आजीचं कुंकू विटकरी दिसत होतं. नव्वदच्या वरची पट्टी महाग पडली, पण कुंकू कुंकवासारखं दिसलं. दोन सेल मिळून १९ वॉट-तासांची बॅटरी आणि पाच वॉटचे दिवे. कागदावर जवळपास पावणेचार तास, प्रत्यक्षात तीन तास. एका नवरीला पुरेसे.

घरी बदल करायचा असेल तर पेटीची गरज नाही. आरशाच्या वरचा एकच दिवा काढून दोन्ही बाजूंना दोन लावा आणि घेताना खोक्यावर सीआरआय ९० किंवा जास्त लिहिलंय का ते बघा.

मंडळाच्या प्रश्नमंजूषेसाठी गावाची माहिती गोळा करताना मला एक जोड सापडली. सचिन हे सिद्दी नवाबांचं संस्थान होतं. १७९१ मध्ये जंजिऱ्याच्या गादीवरचा हक्क पेशव्यांना सोडून देऊन त्याबदल्यात हा मुलूख घेतला गेला. म्हणजे कोकणाशी आमच्या गावाचं नातं जुनंच. आणि १९३१ च्या 'आलम आरा' या पहिल्या हिंदी बोलपटाची नायिका झुबेदा हिचं नाव याच सचिनच्या नवाबांची मुलगी म्हणून घेतलं जातं. त्या चित्रपटाचं चित्रीकरण बहुतेक रात्री झालं, कारण दिवसा स्टुडिओजवळच्या रेल्वेचा आवाज यायचा. मला वाटलं, झुबेदाचं बरं होतं. दिव्यात रंगायचं आणि दिव्यातच दिसायचं. आमच्या नवऱ्या बल्बखाली रंगतात आणि एप्रिलच्या उन्हात उभ्या राहतात.

म्हणून पेटीला दोन बटणं ठेवली. सकाळच्या लग्नाला दिवसाचं, रात्रीच्या रिसेप्शनला हॉलचं पिवळं.

प्रोजेक्ट पास झाला. ओळखीतून सुरतच्या एका व्यापाऱ्याला पेटी दाखवली. त्याला आवडली. फक्त म्हणाला, पांढरं बटण काढून टाका. "बेन, ग्राहकने पोतानुं मोढुं गमवुं जोइए." माणसाला आपलं तोंड आवडलं तर तो वस्तू घेणार. पिवळ्या, मऊ उजेडात सगळेच देखणे दिसतात. शंभर पेट्यांची ऑर्डर देतो म्हणाला.

शंभर पेट्या! मी दोन रात्री झोपले नाही. घरात कर्जाचे हप्ते चालू होते. पप्पा म्हणाले, तुझं तू ठरव. आई काहीच बोलली नाही. ती अशी गप्प मी भुसावळ लाइनच्या त्या गाडीत पाहिली होती. मी व्यापाऱ्याला नाही म्हणून सांगितलं. आजही कधीकधी वाटतं, दोन्ही बटणांसाठी आणखी थोडं भांडून बघायला हवं होतं.

यंदा वैशाखात आईने नवी पेटी घेऊन अमळनेरकडची एक ऑर्डर केली. नवरी चांगली सावळी. आई पूर्वी अशा मुलीला दोन शेड उजळ लावायची, सगळेच लावतात. या वेळी पांढरं बटण दाबलं आणि तिच्या मानेशी जुळणारी शेड काढली. मुलीची आत्या मागे उभी. "ताई, अजून जरा उजळ करा ना. लग्न आहे." आईचा हात क्षणभर थांबला. मग तिने नवरीलाच विचारलं, "तुला काय वाटतं बेटा?" मुलीने आरशात बराच वेळ पाहिलं. "असंच राहू द्या," ती म्हणाली.

आत्या शेवटपर्यंत नाराज होती. पैसे देतानाही तिने ते बोलून दाखवलं. पण मांडवात ती मुलगी मान वर करून उभी होती आणि चेहरा आणि मान एकाच रंगाची होती.

आतापर्यंत अशा तीन पेट्या झाल्या आहेत. एक आईकडे, एक उधन्याच्या एका पार्लरवालीने घेतली, तिसरी घरात आहे. तिचा ताबा आजीने घेतलाय. परवा सकाळी पाहिलं तर ती माझी पेटी घेऊन उंबऱ्याशी बसली होती. बटण बंद, तोंड बाहेर, पाठ घराकडे.

"आजी, दिवा लाव ना!"

"कसाले?" ती म्हणाली आणि कुंकू लावायला लागली.