उलटा क्रम

आजीच्या वर्षश्राद्धासाठी व्हिडिओ करायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात 'कॉम्प्युटरवाला' मीच. सगळ्यांच्या फोनमधल्या मिळून एकसष्ट क्लिप्स जमल्या. एकेक जोडत बसण्याचा कंटाळा म्हणून मी छोटी स्क्रिप्ट लिहिली. तारखेनुसार लाव, जोड, मागे तिचं आवडतं भजन टाक. त्यात तारखांचा क्रम चुकून उलटा लागला.

व्हिडिओ सुरू झाला तोच दवाखान्यातल्या कॉटवर. मग घरातली कॉट, व्हीलचेअर, वॉकर, नुसती काठी. भजन संपत आलं तेव्हा आजी ओट्याशी ताठ उभी राहून कणीक तिंबत होती. चूक लगेच कळली होती, तरी मी तो तीनदा पाहिला.

हॉस्टेलवर असताना एक गाणं असंच पुन्हा पुन्हा पाहिलं होतं. कोल्डप्लेचं 'द सायंटिस्ट', २००२ सालचं, व्हिडिओचा दिग्दर्शक जेमी थ्रेव्ह्ज. गादीवर पडलेला ख्रिस मार्टिन उठतो आणि शहरातून, जंगलातून उलटा चालत एका अपघातग्रस्त गाडीपाशी पोचतो. फुटलेली काच सांधली जाते, बाहेर फेकली गेलेली मैत्रीण परत सीटवर येते, गाडी मागे मागे रस्त्यावर चढते. शेवटी दोघं मजेत चाललेले दिसतात. तिने सीटबेल्ट काढला होता, हे आपल्याला तेव्हा कळतं.

इथे चित्रणच उलटं फिरवलंय. तरी ओठ शब्दांशी जुळतात, कारण शूटिंगच्या वेळी मार्टिन सरळ चालत गाणं उलटं म्हणत होता. त्यासाठी त्याने महिनाभर सराव केला होता. माझ्या व्हिडिओत प्रत्येक क्लिप सरळच चालत होती, फक्त त्यांची रांग उलटी होती. परिणाम मात्र तोच. घडलेलं काही पुसलं जात नाही, पण आपण ज्या क्षणी थांबतो, तोच गोष्टीचा शेवट वाटतो.

मी तो आईला दाखवला. चूक झाल्याचं सांगितलंच नाही, जणू मुद्दाम केलंय. तिने शेवटपर्यंत पाहिला, डोळे पुसले.

"छान झालाय रे. पण माझी दीड वर्षं तू सुरुवातीलाच उरकून टाकलीस."

ती दीड वर्षं मी बंगळूरला होतो. रविवारी व्हिडिओ कॉल, तोही मीटिंग नसेल तर. त्या क्लिप्समध्ये आईचा चेहरा कुठेच नाही, नुसता हात आहे. पेजेचा चमचा धरलेला, चादर ओढणारा, गोळ्या मोजणारा. उलट्या क्रमात तो हात लवकर दिसेनासा होतो आणि आजी आपली आपण बरी होत जाते. मला हवी होती तशी.

'द सायंटिस्ट'मध्येही मागे मागे जातो तो अपघातातून चालत बाहेर पडलेला माणूस. पूर्वी मला ते फक्त त्याचं दुःख वाटायचं. आता वाटतं, मागे जायची सोय त्यालाच आहे.

रात्री स्क्रिप्टमधला एक शब्द बदलला आणि क्रम सरळ झाला. शेवटची क्लिप ताईने काढलेली, जेमतेम नऊ सेकंदांची. आजीचा चेहरा अर्धाच दिसतो. बाकी फ्रेमभर आईचा हात, ओल्या फडक्याने तिचं कपाळ पुसणारा.

वर्षश्राद्धाला तोच लावला.