काचेवरचं धुकं आणि सीटखालची ओल

जुलै महिन्यात स्वतःच्या गाडीने ऑफिसला जाणाऱ्या माणसाला मुंबईत सगळे भाग्यवान समजतात. लोकलची चेंगराचेंगरी नाही, गुडघाभर पाण्यातून चालणं नाही. एसी आहे, एफएम आहे... अजून काय हवं? पण सकाळी गाडीचं दार उघडल्यावर आतून जो भपकारा येतो, त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. ओली गोधडी, कालचे मोजे आणि वर्षभर बंद असलेला माळा यांचं कॉकटेल! त्यावर उपाय म्हणून आपण डॅशबोर्डवर परफ्यूमची नवी बाटली ठेवतो. मग वास येतो मोगरा प्लस बुरशी.

माझी गाडी म्हणजे एक सेकंडहँड, छोटीशी हॅचबॅक. ठाण्यात बिल्डिंगबाहेर गुलमोहराखाली उभी असते. रोज ठाणे ते बीकेसी आणि परत. घरी सगळे, ऑफिसातही सगळे. दिवसभरात मी एकटी असते ती फक्त या गाडीत. त्यामुळे वासाबिसासकट ती मला प्रिय आहे. पण गेल्या पावसाळ्यात आईला साताऱ्याहून ठाण्याला आणायला गेले, आणि हा विषय एकदम विनोदाचा राहिला नाही.

आईला दमा आहे. खंडाळा मागे टाकून घाट उतरायला लागलो तेव्हा धो धो पाऊस होता. एसी सुरू होता आणि आई खोकत होती. ‘अगं, बंद कर तो एसी, त्याचा वास घशात बसतोय,’ ती म्हणाली. एसी बंद केला, आणि मिनिटाभरात समोरची काच पांढरीफटक! पुढे ट्रकचे लाल दिवे तेवढे दिसताहेत, तेही पुसट. काचा खाली केल्या तर पाऊस आत. पुन्हा एसी लावला, तर पुन्हा खोकला. म्हणजे एक तर आईला नीट श्वास घेता येणार, नाही तर मला रस्ता दिसणार. घाट संपेपर्यंत ती तोंडावर पदर धरून बसली होती. ते मला फार लागलं.

ठाण्याला पोचल्यावर मी या प्रकरणाच्या मुळाशी जायचं ठरवलं. आणि मुळाशी होतं शाळेतलं विज्ञान! ३० अंश तापमानाची एक घनमीटर हवा साधारण ३० ग्रॅम पाण्याची वाफ धरून ठेवू शकते. तीच हवा २० अंशांपर्यंत थंड झाली की जेमतेम १७ ग्रॅम. उरलेलं पाणी जाणार कुठे? जे काही थंड असेल त्यावर. घाटात पावसाने काच गार पडते. आत आपले श्वास, ओले कपडे, ओल्या छत्र्या. मग धुकं धरतं काचेच्या आतल्या बाजूला. खाली मुंबईत नेमकं उलटं. बाहेरची हवा उबदार आणि दमट, आणि आपण एसी फुल्ल ठेवून काच आतून गार करतो. मग धुकं धरतं बाहेरून, आणि आपण आतून फडकं मारत बसतो!

ओळखायचं कसं? सोपं आहे. काचेवर आतून बोट फिरवा. रेघ उमटली तर पाणी आत आहे. अशा वेळी एसी चालूच ठेवायचा, हवेचा झोत काचेकडे वळवायचा आणि आतलीच हवा फिरवणारं बटण काढून बाहेरची हवा घ्यायची. ही हवा एसीच्या कॉइलवरून येताना कोरडी होऊन येते. थंडी वाजत असेल तर तापमान वाढवा, पण एसी बंद करू नका. बंद केला की कॉइलवर साठलेलं पाणी ब्लोअरच्या हवेबरोबर थेट काचेवर येतं. घाटात आमची काच मिनिटात आंधळी झाली, त्याला तेही एक कारण होतं. रेघ उमटली नाही तर पाणी बाहेर आहे. मग वायपर मारा, एसीचं तापमान थोडं वाढवा आणि झोत काचेवरून हटवा. बस्स.

हे झालं काचेचं. वासाचं काय? मी गाडी एका सर्व्हिस सेंटरला दाखवली. त्यांनी नाक न लावताच निदान केलं, ‘मॅडम, कॉइल बदलावी लागेल,’ आणि हातात जे एस्टिमेट ठेवलं ते वाचून मलाच दमा लागायची वेळ आली. मग गाडी नेली आमच्या गल्लीतल्या गॅरेजवाल्या चाचांकडे. त्यांनी एसी सुरू करायला लावला, खाली वाकून पाहिलं आणि विचारलं, ‘बेटा, गाडीखाली पाणी का ठिबकत नाही?’ खरंच की! दमट हवेत एसी चालू असला की गाडीखाली पाणी ठिबकायलाच हवं. ते बाहेर सोडणारी नळी चोंदली होती, आणि सगळं पाणी ड्रायव्हरशेजारच्या सीटपुढे, कार्पेटखाली मुरत होतं. कार्पेट वरून जेमतेम दमट. खालचा फोम मात्र पिळला तर बादलीत पाणी! आईचे पाय नेमके त्यावरच होते.

चाचांनी नळी साफ केली. वायपरखालच्या जाळीतून गुलमोहराच्या बारीक पानांचा ओंजळभर लगदा काढला, कारण तिथे पाणी तुंबलं की तेही आत वाट शोधतं. दारांच्या तळाशी पाणी निघून जायला बारीक भोकं असतात, तीही मोकळी केली. केबिन फिल्टर बदलला, कॉइल धुतली. फोम मात्र बाहेर काढून दोन दिवस पंख्याखाली वाळवावा लागला. कॉइल जुनीच आहे, मजेत आहे.

आता माझे काही नियम आहेत. छत्री प्लास्टिकच्या पिशवीत. पायाखाली रबरी मॅट, आणि संध्याकाळी त्यातलं पाणी बाहेर ओतायचं. मॅटखाली वर्तमानपत्र, पण रोज नवं; कालचं ओलं वर्तमानपत्र म्हणजे बुरशीला आयतं अंथरूण. उघडीप मिळाली की चारही दारं सताड उघडी. काच आतून स्वच्छ, कारण मळकट काचेवर धुकं लवकर धरतं. आणि पोचायच्या दोन-तीन मिनिटं आधी एसी बंद, ब्लोअर चालू, झोत काचेवर न ठेवता अंगावर आणि खिडकी बोटभर उघडी. म्हणजे कॉइल वाळते आणि तिच्यावर बुरशीला घर बांधता येत नाही. बुटांच्या खोक्यातल्या त्या सिलिका जेलच्या पुड्यांवर मात्र विसंबू नका. एक ओली छत्री त्या सगळ्यांना पुरून उरते.

सेकंडहँड गाडी घ्यायला निघाला असाल तर आधी कार्पेट उचला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईतल्या कितीतरी गाड्या पाण्यात बुडाल्या. पुढेही या शहराने गाड्या बुडताना पाहिल्याच. बुडालेली गाडी पॉलिश करून चकाचक करता येते. कार्पेटखालचा गाळ आणि सीटच्या रुळांवरचा गंज सहसा खोटं बोलत नाहीत.

यंदा जुलैत आई पुन्हा आली. घाटात तसाच पाऊस, काच स्वच्छ, एसी सुरू. खोपोलीपर्यंत तिचा आवाज नाही म्हणून मी घाबरून बाजूला पाहिलं, तर बाईसाहेब तोंड उघडं टाकून गाढ झोपल्या होत्या. एफएमचा आवाज मी हळूच कमी केला.